मातीची पट्टी

एस.टी. कुठेही थांबली की मुंजाभाऊ खाली उतरायचा. बाकीचे प्रवासी चहाकडे वळायचे. हा रस्त्याच्या कडेची चिमूटभर माती तळहातावर घ्यायचा, थुंकी लावून मळायचा आणि अंगठा-बोटात दाबत तिची पट्टी काढायचा. पट्टी किती लांब निघते आणि कुठे तुटते, यावरून माती किती चिकण ते त्याला कळे. मग हात पँटला पुसून आत येऊन बसे. "काय निघालं?" असं विचारलं तर म्हणे, "भारी हाय. पन पानी धरून बसंल." लोक आमच्याकडे बघत. लाज मला वाटायची, त्याला नाही. आज तो नाही, पण गाडी थांबली की माझी नजर अजून दाराकडे जाते.

परभणीत आम्ही एका खोलीत राहायचो. मी हिशेब खात्यात नवा कारकून. तो झरीचा, सात एकरांत तीन भाऊ, त्यातला धाकटा. मॅट्रिकनंतर काही वर्षं तो माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर होता, गावोगावचे नमुने गोळा करायचा. मग कॉलेजात गेला आणि बी.एस्सी.ला बसला. त्यात वय वाढलं. दूरच्या एका संस्थेत मृदाशास्त्राचं एम.एस्सी. होतं आणि तिथल्या वयाच्या अटीत बसायचं हे शेवटचं वर्ष होतं. भावांनी सांगून टाकलं होतं, यंदा जमलं नाही तर घरी येऊन औत धर.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद तेव्हा पेटलेला. परीक्षा लांबल्या, निकाल अडकले. गावोगावी दलितांची घरं जाळली जात होती. "लोकाची घरं जळायलीत, आपून निकालासाठी कोन्त्या तोंडानं रडावं," असं तो म्हणायचा आणि ताटावरून अर्ध्यात उठायचा. संस्था निकालाविना अर्ज घेणार होती. मात्र आपण या अभ्यासक्रमाला योग्य का, हे दोन पानांत लिहून द्यायचं होतं. गुणांचा आधार नव्हताच, सगळं त्या दोन पानांवर होतं.

इंग्रजी भाषांतर नंतर करायचं ठरलं. त्याने आधी मराठीत लिहून माझ्यापुढे धरलं. आई आजारी, शेत कोरडवाहू, आपण दीनदुबळे, साहेबांनी कृपादृष्टी ठेवावी. मी सवयीने मोजलं.

"मुंजा, यात कृपा सहा वेळा हाय. माती एकदा बी न्हाई."

"दरखास्त हाय ती. दरखास्त अशीच लिवत्यात."

त्याच्या घरी निजामाच्या काळापासून तहसिलीत असेच अर्ज जात होते. आधी आपली हलाखी, मग साहेबाचं मोठेपण, शेवटी पायाशी जागा. वरच्याकडे काही मागायची तेवढीच रीत त्याला ठाऊक होती.

"त्यांनी तुला काय येतं ते विचारलंय," मी म्हणालो.

"सोताच्या तोंडानं सोताला शाना म्हनू व्हय? मायनं ऐकलं तर मीठ-मोहऱ्या उतरून टाकंल."

आम्ही हसलो. पण दुसरा कागद पहिल्यासारखाच निघाला, तिसरा त्याहून केविलवाणा. मुदत जवळ आली तसा तो कागदाला हातही लावेना. एका संध्याकाळी म्हणाला, "रंगा, तूच लिव."

"मला मातीतलं काय कळतं?"

"मला तरी माज्यातलं काय कळायलंय?" आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला. खांदे हलत होते. मी स्टोव्ह पेटवून चहा ठेवला. कप देताना सहज विचारलं, "बरं, योग्य-बिग्य राहू दे. तुला तिकडं जायचं कामून?"

तो लगेच वळला. रोजंदारीच्या दिवसांत राणीसावरगावच्या एका शेतकऱ्याला त्याने सांगितलं होतं, जमीन चांगली आहे, विहिरीचं पाणी खुशाल द्या. पुढे त्या तुकड्यावर पांढरा थर चढला, पीक उगवेना. मुंजाभाऊ सवड मिळेल तेव्हा तिथे जाऊन खड्डा खणून बघायचा. वरची काळी माती, खालचा चिकण थर, त्याखाली चुनखडीचे खडे. चूक कुठे झाली, ते मात्र कळत नव्हतं.

हे सांगता सांगता त्याने कागद ओढला आणि तेच लिहू लागला, वरच्या थरापासून खालच्या थरापर्यंत. शेवटचं वाक्य होतं, 'हे असं का झालं ते मला समजत नाही, ते शिकायला यायचं आहे.'

मी घाबरलो. "आपलीच चूक लिहून पाठवतोस? कोन घेईल?"

"बाकीचं कुनी बी लिवंल. हे माजंच हाय."

आम्ही तेच इंग्रजीत करून पाठवलं. त्यांनी त्याला घेतलं. प्रवेश मंजूर झाल्याचं कळवलं आणि ठरल्या मुदतीत गुणपत्रक मागितलं. मुंजाभाऊ रोज कॉलेजच्या ऑफिसात जाऊन उभा राहू लागला. एकदा मी सोबत होतो.

"नुस्तं पास हाय म्हनून लिवून द्या, साहेब."

"देतो की," कारकून मान वर न करता म्हणाला. "मंग माजी नौकरी बी तूच कर. निकाल माज्या खिशात हाय का, बाबा?"

त्याचंही खोटं नव्हतं. मुदत गेली, जागा दुसऱ्याला गेली. त्यानंतर काही दिवसांनी निकाल लागला. मुंजाभाऊ पहिल्या वर्गात पास होता. त्याने गुण वाचले, कागद घडी करून खिशात ठेवला आणि वळकटी बांधली. झरीला निघाला असेल असं मला वाटलं. स्टँडवर मात्र तो गंगाखेडच्या गाडीत चढला. मीही चढलो, त्याला एकटं सोडवेना.

राणीसावरगावच्या त्या रानात त्याने कमरेइतका खड्डा घेतला. तळाची माती तांब्यातल्या पाण्याने मळली आणि पट्टी काढली. ती तुटली. दुसरी काढली.

"काय कळलं का, साहेब?" काठावरून म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं.

"न्हाई, काका. अजून न्हाई," तो आतून म्हणाला. शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि टिकाव पुन्हा हातात घेतला.