विजयाताई, आता डोळ्यांची तारीख घ्या

मंडळी, सगळे बरे आहात ना? अण्णा, गुडघा काय म्हणतोय? शबानाभाभी, खोकला थांबला का? आणि आमच्या सत्कारमूर्ती विजयाताई, तुमचा मोतीबिंदू? तो पिकून आपोआप गळून पडायची वाट बघताय का? साठी झाली, गौरव अंक निघाला, पण ऑपरेशनची तारीख काही निघेना!

ताईंची ओळख झाली ती कागलच्या एमआयडीसीत, आमच्या फाउंड्रीत. कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, पास की नापास हे ठरवणारी फंक्शन्स त्यांनी संगणकाच्या सी भाषेत लिहिलेली. मी लेथवरून निवृत्त झालेला, घरबसल्या पायथन ही दुसरी भाषा शिकून परत कामाला आलेला गडी. नंबर, वजन, तापमान यांचं एक गठुळं बांधून मी ते त्यांच्या फंक्शनकडे पाठवायचं होतं. पुढचा आकडा ठरल्या जागी बसावा म्हणून सी भाषा नंबरानंतर थोडी जागा मोकळी सोडते. मी म्हटलं, जागा वाया कशाला घालवा? दाबून भरलं. टीचभर कपलिंगचं वजन निघालं हत्तीएवढं, सगळा माल नापास!

ताई कडाडल्या, "मामा, गठुळं तुमच्या मनानं बांधलासा, पण सोडणारं दुसरं हाय की! त्येनं वजन कुठं हुडकायचं?"

"अहो, रिकामीच जागा ती."

"चटणीचा कप्पा रिकामा दिसला म्हणून त्यात ताक वतताय व्हय?"

तेव्हापासून ताईंनी कुणाच्याच गठुळ्यावर विश्वास ठेवला नाही. दोन्ही भाषांतली मांडणी छापून घ्यायची, पट्टी ठेवायची आणि क्रम, आकार, मोकळी जागा एकेक करून ताडायची. आम्ही वैतागायचो. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. इथली चूक बोंब मारत नाही, गुपचूप चुकीचा आकडा देते, आणि ते कास्टिंग कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ब्रेकला बसतं.

माया मात्र अपार. आमची मंडळी दवाखान्यात होती तेव्हा ताई रोज कळंब्याहून भाकरी-पिठलं घेऊन यायच्या. डब्याखाली छापील कागद असायचाच! "जेवता जेवता एवढं बघा की, मामा." आता अशा बाईंना काय म्हणावं?

अलीकडे त्या भिंग घेऊन कागदावर ओणव्या होतात आणि आठाला तीन वाचतात. डॉक्टरांनी बजावलं, आता लांबवू नका. उत्तर ठरलेलं, "मग तपासणी कोण करणार?"

म्हणून आम्ही शिष्यांनी साठीची भेट म्हणून शाल आणली नाही, एक तपासनीस प्रोग्राम लिहिला. रोज काम सुरू होण्याआधी तो सीला विचारतो, काय कुठं ठेवलंय, केवढं आहे? मग पायथनच्या मांडणीशी ताडतो. तफावत दिसली की काम बंद. गेल्या आठवड्यात ताईंना दाखवला. त्यांनी मुद्दाम तापमान वजनाच्या आधी सरकवलं. प्रोग्रामनं तिथल्या तिथं पकडलं. ताईंनी भिंग खाली ठेवलं. आम्हाला वाटलं, जिंकलो.

"झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "पण मामा, ह्येला कोण तपासणार?"

कपाळावर हात मारून घेतला मी!

आम्ही तपासू, ताई. पट्टी ठेवून, बोट लावून, तुम्ही शिकवलंत तसंच. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि त्यातला प्रत्येक दिवस तुम्हाला लख्ख दिसो. एवढं वाचलंत की लगेच उत्तर धाडा. "बघू" चालायचं न्हाय. फक्त तारीख लिहा, आणि ती जागा मोकळी सोडू नका.