पुढच्या चाकांत तेहतीस

गाडी माझ्या पगारातून घेतलेली, माझ्या नावावर, आणि धर्मापुरीच्या शाळेत मीच ती चालवत जाते. तरी पुतण्याच्या लग्नाआधी थोरल्या दिरांनी मला न विचारता तिची चाकं बदलून आणली. नवरदेवाची गाडी रुबाबदार दिसावी म्हणून परळीहून रुंद टायर, चकचकीत रिमा. डिकीत फटाके मावावेत म्हणून स्टेपनीही काढली. माझी सगळी चाकं गेली गोठ्यामागं, कडब्याच्या गंजीवरची ताडपत्री दाबायला.

मी दार उघडून आतलं स्टिकर दाखवलं. गाडीला टायर कुठला आणि हवा किती, ते त्यावर छापलेलं असतं. पुढच्या चाकांत तेहतीस. हे रुंद टायर भरल्या गाडीत वळताना घासतील, असं मी सांगितलं. थोरले दीर माझ्याशी कधीच थेट बोलत नसत. तेव्हाही नवऱ्याकडं बघून म्हणाले, "तिला सांग, बायामानसानं आमाला टायरातलं शिकवू न्हाई." पाहुणे हसले. नवराही हसला. तो राग मी गिळला नाही, जपून ठेवला.

लग्न आमच्याच गावात होतं. परण्या निघाला, नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला चालला. फेटा बांधून दीर स्वतः गाडी चालवत होते, आत माणसं कोंबलेली. देवळाच्या वळणावर पुढचं चाक घासलं आणि टायर फाटला. बँड थांबला. नवे सोयरे खाली वाकून बघायला लागले. मला इतकं बरं वाटलं की तोंडावर पदर घ्यावा लागला.

जॅक आणि पंप माझ्या कपाटात होते, कपाटाची चावी माझ्या पर्समध्ये. दिरांनी नवऱ्याला माझ्याकडं पाठवलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्यांना सांगा, चाकं ज्यांनी नेली त्यांनीच आणायची. मग चावी."

मुहूर्त जवळ आलेला, आणि पुढचं दुसरं चाकही घासतच होतं. दिरांनी गोठ्यापासून देवळापर्यंत, सोयऱ्यांच्या मधून, माझी दोन चाकं एकामागून एक ढकलत आणली. गंजीवर पडून त्यांची हवा उतरली होती. पंप पायानं मारायचा होता. तो त्यांनी मारला, गेज मी धरला. फेटा सुटून त्यांच्या गळ्यात आला.

शेवटी दम लागून ते थांबले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलले, "बास का आता?"

काटा तेहतिसावर होता. तो फक्त मला दिसत होता.

"अजून, भाऊजी," मी म्हणाले.