उजव्या पिनेवरचा लाल ठिपका
लेकीनं मघाशी नेलपॉलिशची बाटली उघडली आणि त्या उग्र वासासरशी मला सोनपेठच्या घरातली ती दुपार आठवली. महागाच्या हेडफोनची मूळ वायर काढून चांदीचा मुलामा असलेली वायर लावायचं खूळ तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं होतं. पहिली मागवली, तिची पिनच बसेना. ती परत पाठवली. दुसरीच्या पिना इतक्या ताठ, की नखं दुखेपर्यंत दाबल्यावर कुठे एकदाच्या खटकन बसल्या. डावं-उजवं सांगणारी अक्षरं काळ्यावर काळी. ती वाचायला धीर कुणाला होता! आठवडाभर मी घरात सांगत फिरलो, आवाज किती मोकळा झालाय म्हणून. शेवटी भजनी मंडळात पखवाज वाजवणाऱ्या वडिलांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि त्यांच्याच भजनाचं मी केलेलं रेकॉर्डिंग लावलं. डोळे मिटून ते मिनिटभर ऐकत राहिले, मग म्हणाले, "माइक घेऊन तू समोर बसला व्हतास, मी तुझ्या उजव्या हाताला. मग पखवाज डाव्या कानात कसा वाजायलाय?" मी पिना उलट्या लावल्या होत्या. "वायर लय भारी हाय," हेडफोन माझ्या हातात देत ते म्हणाले, "आता कान बी मागवून घे." चिडून मी बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका उजव्या पिनेवर दिला. अजूनही हेडफोन घालताना आधी तो ठिपका बघतो, आणि आवाज कसा आहे असं कुणी विचारलं, तर हेडफोन त्याच्याच कानांवर चढवतो.