ढोल व शब्द : वेताळ

आमचा अल्बम कुणी ऐकला नाही याचं मला दुःख नाही. तो ऐकण्यासारखा नव्हताच. दुःख आहे ते कव्हरचं, आणि ते कव्हर मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं.

आम्ही दोघं आयटीआयला एका बाकावर होतो आणि पुढं चिकलठाण्याच्या एका कंपनीत बरोबरच अप्रेंटिस लागलो. मी मेंढपाळाच्या घरातला. आमची मेंढरं बसायची त्या माळावर कंपन्या आल्या आणि वडील त्यातल्याच एकीच्या फाटकावर वॉचमन झाले. आपल्याच रानात कुणाला आत सोडायचं ते दुसऱ्याला विचारून ठरवायचे. राहायला गारखेड्यात दोन खोल्या घेतल्या. मित्राचे घरचे शहरात आले ते वेगळ्या कारणानं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला तेव्हा गावोगाव दलितांची घरं जाळली, त्यात त्याचंही गेलं. तेव्हा तो पहिलीत होता. थोरला भाऊ पुढं त्या नावासाठी दोनदा तुरुंगात जाऊन आला.

आयटीआयच्या हॉस्टेलात शिलाँगकडचा एक मुलगा होता. शहर सोडताना तो आपली जुनी गिटार मला देऊन गेला आणि वर एक कॅसेट. ब्लॅक मेटल म्हणतात त्या संगीताची. कबरीतून उठून आपल्याच गावातल्यांचं रक्त पिणाऱ्या मढ्याची गाणी होती. पहिल्यांदा लावली तेव्हा आई स्वयंपाकातून म्हणाली, "टेप बिघडला का रं?"

मित्र कॅसेटमधला गाण्यांचा कागद आणि डिक्शनरी घेऊन बसला आणि एकेक शब्द लावत गेला. शेवटी म्हणाला, "ह्यात नवं काय हाय? असला एकेक तर आपल्या हरेक गावात हाय, आन जिता हाय." त्याच दिवशी ठरलं, आपण आपला अल्बम करायचा.

गोष्ट माझ्या आईकडून घेतली. रानात मुक्काम असला की दिवेलागणीला एक रक्तपिता येतो आणि नाव घेऊन हाक मारतो. ओ दिली की सकाळी माणूस पांढराफटक. "पयल्या हाकंला ओ द्यायची नाय, दुसऱ्या हाकंला बी नाय," आई सांगायची. "तिसऱ्यांदा हाक मारंल त्यो आपला माणूस." मित्रानं यावर सहा गाणी लिहिली. त्याचा रक्तपिता म्हणजे मेलेला पाटील होता. वेशीत उभा राहून हाका मारायचा आणि कोण कुठल्या वस्तीत राहतं ते कधी चुकायचा नाही. तिसरी हाक मात्र त्यानं गाण्यात घेतलीच नाही. मी विचारलं तर म्हणाला, "आमच्याकडं तिसरी कुणी मारत नाय."

ढोलही तोच वाजवायचा. जयंतीच्या मिरवणुकीत तयार झालेला हात. कॅसेटवरचा तो अचाट वेग तो हसत हसत गाठायचा. मी आपली गिटार खरडायचो आणि घसा फाडायचो. सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये मंडपवाल्याचा अँप्लिफायर जोडला, टू-इन-वन टेपरेकॉर्डर पत्र्याच्या पेटीवर ठेवला आणि रेकॉर्डिंग केलं. फोटोसाठी तोंडाला चुलीतली राख आणि काजळ फासून क्रांती चौकातल्या स्टुडिओत गेलो. फोटोवाला म्हणाला, "कौनसे गाँव का तमाशा है भई?" आम्ही पोट धरून हसलो. तसं बरोबर हसणं पुन्हा झालं नाही.

औरंगपुऱ्यात कॅसेट भरून देणारं एक दुकान होतं. मालक म्हणाला, वीस भरून देतो, कव्हरांची झेरॉक्स तेवढी तुम्ही आणा. ते दिवस तापलेले होते. भिंतींवर नामांतराच्या बाजूनं आणि विरोधात घोषणा, आणि आमच्या कँटीनमध्येसुद्धा टेबलं वेगवेगळी झालेली. मी गारखेड्याच्या खोलीत कव्हर लिहायला बसलो. माझं नाव आडनावासकट ठसठशीत लिहिलं. त्याचं लिहायला गेलो आणि हात थांबला. आडनाव वाचलं की सगळं कळतं. मला गावाकडचा मामा दिसला, कँटीनमधलं माझं टेबल दिसलं, दुकानाची फुटलेली काच दिसली. खरं सांगतो, दुकानदारानं नावांचा विषयही काढला नव्हता. कुणी धमकावलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मी लिहिलं, 'ढोल व शब्द : वेताळ'.

वीस प्रती निघाल्यावर झेरॉक्सच्या दुकानासमोर त्यानं ते कव्हर दोनदा वाचलं.

"ह्यो वेताळ कोण?"

"तूच की. अरे, ह्या म्युझिकमंदी सगळेच खोटं नाव लावतात. तो शिलाँगवाला सांगत नव्हता का?"

"मंग तुझं खोटं नाव कुठं हाय?"

अडचणीत आलो की मी विनोद करतो, ही माझी जुनी खोड. म्हणालो, "बरं झालं की. नावच नाय तर रक्तपित्यानं तुला हाक मारावी कशी?" हे वाक्य आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तो हसला नाही. "हाक मारणाऱ्याला आमचं नाव आधीच ठावं असतंय," तो म्हणाला. "आमचं घर जाळताना कुणाला पत्ता इचारावा लागला नाय." कव्हर माझ्या हातात दिलं आणि सायकलवर टांग मारून निघून गेला.

वीस कव्हरं आणि एक पेन, एवढंच काम होतं. तासाभरात दुरुस्त झालं असतं. मी ते केलं नाही, तशीच दुकानात नेऊन दिली. कॅसेट तीन-चार खपल्या. उरलेल्यांवर मालकानं भावगीतं भरली आणि ती हातोहात गेली. ज्यांना भिऊन मी नाव गाळलं त्यातल्या एकानंही तो अल्बम पाहिला नाही. मित्रानं शिफ्ट बदलून घेतली. कंपनीच्या फाटकात समोरासमोर आलो तर तो तिथल्या वॉचमनला, माझ्या वडिलांना, रामराम करायचा, मला नाही.

पुढं एका हिवाळ्यात विद्यापीठाचं नाव एकदाचं झालं. तेही बदललं नाही, नुसतं वाढवलं, पण झालं. रस्त्यात लोक एकमेकांना पेढे भरवत होते. मी पेटीतून हातानं लिहिलेलं मूळ कव्हर काढलं, वेताळावर काट मारली, वर त्याचं पूर्ण नाव लिहिलं आणि त्याच्या घरी गेलो.

दार लोटलेलं होतं. सायकल भिंतीला टेकवलेली, आत रेडिओ चालू. मी नावानं हाक मारली. रेडिओ बंद झाला. दुसरी हाक मारली. आत भांडंसुद्धा वाजलं नाही. मग गल्लीला ऐकू जाईल अशी, आडनावासकट, तिसरी हाक मारली.

ओ आली नाही. शेवटी कव्हर खिशात घालून मागं फिरलो. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा रेडिओ पुन्हा सुरू झाला.