सात नंबरचं बोअर

अनेझिओ बोअरचं झाकण उघडण्याआधी गुडघ्यांवर बसायचा आणि कुलूप नीट न्याहाळायचा. मी त्याच्या व्हॅनचा ड्रायव्हर. अकरा वर्षं हे बघत आलो. त्याचा कुणावर विश्वास नव्हता, आणि पेद्रा मान्सा गावात त्याच्यावर कुणाचा नव्हता.

सतरा वर्षांपूर्वी ओनोरियोच्या पेट्रोलपंपाच्या टाक्या गळल्या. पंप बंद झाला, गल्लीतल्या विहिरींवर काँक्रीट पडलं आणि तपासणीसाठी नऊ बोअर खोदली गेली. दर तीन महिन्यांनी अनेझिओ पाण्याचे नमुने भरायचा. त्याच्या प्रयोगशाळेला पैसे ओनोरियो द्यायचा, तेवढं लोकांना पुरे होतं. आम्ही कॉफी प्यायला बारमध्ये शिरलो की बोलणं थांबायचं. मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणायचं, "आला ओनोरियोचा पाणक्या!"

सगळ्यांत तिखट त्याची थोरली बहीण, दाल्वा. सात नंबरचं बोअर तिच्याच परसात. तिचा नवरा जन्मभर घरच्या विहिरीचं पाणी प्यायला आणि रक्ताच्या कॅन्सरने गेला. पाण्यामुळेच गेला, असं कुठल्याही डॉक्टरने लिहून दिलं नाही.

"वाटेत बाटली बदलत नाहीस ना रे?" ती डोक्यावर उभी राहून विचारायची.

"ताई, सील तू लाव. तुझ्या हाताने."

"सील तुझंच, बाटलीही तुझीच. माझा नुसता हात!"

तीन वर्षं सगळे नमुने स्वच्छ येत होते. आणखी दोन तसेच आले की जागा शुद्ध ठरणार होती आणि तपासणी कायमची थांबणार होती.

ऑगस्टमध्ये सात नंबरमधून पोहरा वर आला तो पाण्यावर बोटभर पेट्रोल घेऊन. दाल्वा टाळी वाजवून ओरडली, "बघ! आता लिही की स्वच्छ!" खरं सांगतो, मला आनंद झाला. अनेझिओचा चेहरा मात्र उतरला. सहा आणि आठ नंबर दोन्ही बाजूंना, पंधरा पावलांवर. तिथे वासही नव्हता. कुलपावर ओरखडा नव्हता.

प्रयोगशाळेचा कागद आला. पेट्रोलमध्ये अल्कोहोल भरपूर. आमच्याकडच्या पेट्रोलमध्ये उसाचं अल्कोहोल मिसळतातच, पण ते जमिनीत फार टिकत नाही. सतरा वर्षांपूर्वी गळलेल्यात ते उरलंच नसतं. म्हणजे हे पेट्रोल ताजं होतं, कुणीतरी ओतलेलं.

त्याने पहिला संशय घेतला माझा.

"चावी तुझ्या गाडीत असते."

"आठवडाभर असते. रविवारी तुझ्या खिशात असते," मी म्हणालो. मला फार लागलं होतं.

त्याने जाकिटाचा खिसा चाचपला. रविवारी तो दाल्वाकडे जेवायचा. जाकीट खुर्चीवर टाकायचा आणि जेवण झालं की तिथेच डुलकी काढायचा.

आम्ही तडक तिच्याकडे गेलो. ती दारात घेवड्याचे दाणे निवडत होती.

"ताई, बोअरमध्ये काय ओतलंस?"

तिने मान वर केली नाही. "पेट्रोल. दीड लिटर. तुझ्या बाटल्या खरं बोलेनात, म्हणून बोलायला लावल्या."

"मला हे लिहावं लागेल."

"लिही ना. माझं नाव ठळक लिही."

त्याने लिहिलं. नावासकट. पण खाली आणखी एक परिच्छेद जोडला: सात नंबर बारा मीटरवर संपतं. दाल्वाच्या घरची विहीर सव्वीस मीटर होती. ज्या खोलीचं पाणी लोक प्यायले, त्या खोलीवर आपण एकदाही पाहिलेलं नाही.

ओनोरियोने दाल्वाविरुद्ध तक्रार दिली. पोलिस चौकीत भाऊ तिच्या शेजारी दिवसभर बसला. सरकारी खात्याने सात नंबर बुजवायला लावलं आणि शेजारी तीस मीटरचं नवीन बोअर मारायला लावलं. बहिणीच्या प्रकरणात भाऊ नको, म्हणून नमुने भरायला बाहेरगावचा माणूस आला.

खडकाच्या भेगांमधल्या त्या पाण्यात बेंझीन सापडलं. पेट्रोलमधलं हे विष रक्ताचा कॅन्सर करतं; ते मर्यादेच्या नऊ पट होतं. अल्कोहोल अजिबात नाही. म्हणजे जुनंच.

तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. जागा शुद्ध ठरवायचं राहिलं. दाल्वाला दंड झाला, तो तिने भरला. चार महिने अनेझिओ तिच्याकडे जेवायला गेला नाही.

पाचव्या महिन्यात मला सोबत घेऊन गेला. त्याने अहवाल टेबलावर ठेवला. तिने आकड्यावर बोट ठेवून बराच वेळ पाहिलं.

"हा तू काढलास?"

"नाही. बाहेरच्या माणसाने."

"त्याला ओळखतोस?"

"नाही, ताई."

"मग त्याच्यावर तरी कसा विश्वास ठेवायचा?" ती म्हणाली, आणि भाताचं पातेलं त्याच्याकडे सरकवलं.