कस्तुरा सोनटक्केनं सही केली नाही

कस्तुरा सोनटक्के चाकणच्या कंपनीत लागली ती स्टोअरमध्ये गेटपास टाइप करायला. जिंतूरहून आलेल्या प्रेस ऑपरेटरची मुलगी, कॉम्प्युटरची पदवी नाही. भंगारात निघालेल्या एका मशीनवर तिनं लिनक्स टाकलं, मोडलं, पुन्हा टाकलं. अकरा वर्षांनी कंपनीचे सर्व्हर तीच सांभाळत होती. तरी बाहेरचा कन्सल्टंट आला की चहा तिलाच सांगायला लावायचे. एकदा तिनं स्वच्छ सांगितलं, "सर, चहा मीही पिते. तुम्ही मागवा, मीही घेईन." तेव्हापासून आयटी मॅनेजर निरंजन सरांचं तिच्याशी बिनसलं होतं.

त्या मंगळवारी ती पिंपळे गुरवहून कंपनीच्या बसनं पोचली, तर ऑफिसात आरडाओरडा. ग्राहकांच्या मेल परत जात होत्या. सगळ्यांच्या नाही, काहींच्याच.

कंपनीच्या नावानं मेल आली की ती कुठल्या पत्त्यावर न्यायची, हे बाहेरच्या जगाला सांगणारा डीएनएस सर्व्हर कंपनीचा स्वतःचा होता. त्याचा जोडीदार निगडीच्या ऑफिसात. चाकणची पत्त्यांची यादी निगडीवाला आपोआप उतरवून घ्यायचा, आणि विचारणाऱ्याला दोघांपैकी कुणीही उत्तर द्यायचा.

"रीस्टार्ट कर," निरंजन सर म्हणाले.

"तो चालूच आहे, सर. आधी बघू तर द्या."

शेजारी कन्सल्टंट मिहिर बसला होता. "मॅडम, सेटअपच जुना झालाय. आमच्याकडे हलवा सगळं."

सरांनी एक कागद पुढे सरकवला. 'देखभालीत माझ्याकडून हलगर्जी झाली,' असं आधीच टाइप केलेलं, खाली तिचं नाव. "वर काहीतरी पाठवावं लागेल. सही कर, विषय संपव."

वडिलांचं बोट प्रेसखाली गेलं, तेव्हा त्यांच्यापुढेही असाच कागद आला होता. त्यांनी न वाचता सही केली होती.

"काहून करू?" रागात तिच्या तोंडून घरची बोली निघाली. "माझी चूक दाखवा, मग बोला." कागद बाजूला सारून ती स्क्रीनकडे वळली.

तिनं दोन्ही सर्व्हरना आळीपाळीनं एकच प्रश्न विचारला. चाकणनं मेलचा नवा पत्ता सांगितला, निगडीनं जुना. मेलचा सर्व्हर शनिवारी बदलला होता आणि जुना सोमवारी संध्याकाळी बंद केला होता. मग तिनं दोन्हीकडच्या यादीचा सीरियल नंबर पाहिला. तोच.

"यादी बदलली की हा नंबर वाढवावा लागतो," ती म्हणाली. "निगडीवाला तेवढाच बघतो. नंबर तोच, म्हणजे त्याच्या लेखी काही बदललंच नाही. चाकणचा शंभरदा रीस्टार्ट केला तरी हेच."

"म्हणजे तू वाढवायला विसरलीस."

"शनिवारी मी रजेवर होते." तिनं लॉगिनची नोंद उघडली. शनिवार, दुपारचे चार दहा, मिहिरचं नाव.

मिहिर पुटपुटला, "पण इथं नवा पत्ता दिसत होता."

"इथं दिसला. निगडीला कुणी विचारलं?"

तिनं नंबर वाढवला, फाइल तपासून घेतली, रीलोड केलं. मिनिटभरात निगडीनं नवी यादी उतरवली. तरी फोन वाजतच राहिले. सर अस्वस्थ झाले. "होत नाहीये! पुसून नव्यानं बसवा सगळं."

कस्तुरानं कीबोर्ड जवळ ओढला. "बाहेरचे सर्व्हर जुनं उत्तर तासभर लक्षात ठेवतात. तासभर कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा."

आपला अंदाज चुकला तर नोकरी जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ती खुर्चीवरून हलली नाही. साडेअकराच्या सुमारास अडलेल्या ग्राहकाची मेल आली, पाठोपाठ आणखी तीन.

मग तिनं अहवाल लिहिला. दोन्ही सर्व्हरची उत्तरं, सीरियल नंबर, लॉगिनचं नाव आणि वेळ. तो तिनं थेट प्लांटहेड मृदुला मॅडमना पाठवला आणि एक प्रत सरांना.

"हे वर पाठवायची गरज होती?" सरांनी विचारलं.

"होती, सर. माझं नाव तुम्ही टाइप केलं होतं."

मॅडमनी मिहिरचं लॉगिन त्याच दिवशी बंद केलं आणि त्या यादीला कस्तुराखेरीज कुणी हात लावायचा नाही, असा लेखी हुकूम काढला. निरंजन सर पुढे महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिनंही त्यांची मनधरणी केली नाही.