हळदीचा डाग

सहा महिने झाले, दर रविवारी एक बेसवादक दोस्त कोपरीतल्या माझ्या गिटार दुरुस्तीच्या दुकानात येतो, आपली जुनी बेस गिटार काउंटरवर आडवी ठेवतो आणि विचारतो, "देऊ का रे बदलून?" टिटवाळ्याचा एक जण हिच्या बदल्यात त्याची तितकीच जुनी बेस द्यायला तयार आहे. मी "दे" म्हटलं की हा त्या बेसचे दोष सांगतो, "नको" म्हटलं की स्वतःच्या बेसचे. नुसतं डोकं उठवलंय माझं.

या रविवारी म्हणाला, "ठरलं. फक्त हा डाग काढ, त्याला नकोय." कोळीवाड्यातल्या हळदींमध्ये वाजवून वाजवून लाकडात मुरलेला पिवळा डाग. मी पॉलिशचा कपडा टेकवणार, तोच त्याने माझं मनगट धरलं.

"पुढच्या रविवारी बघू रे."